गाडीने बाराव्यांदा सांगितलं

डॅशबोर्डखाली स्कॅनर लावताच पुन्हा तोच बिघाडाचा आकडा उमटला आणि आबा पेंढारकरांचं टाळकंच सरकलं. गाडी अठरा वर्षांची, पण इंजिनाचा आवाज अजून खणखणीत. तरी दर दोन दिवसांनी पिवळा दिवा लागायचा. आबा कोड पुसायचे, गाडी पुन्हा लिहायची. अकरा वेळा हेच झालं होतं. त्याचा अर्थ पाहायच्या भानगडीत ते पडले नव्हते. पुसला की दिवा विझतो, मग झालं!

"केतकी, हिचं डोकं फिरलंय," ते सुनेला म्हणाले. "तू चालवलीस की गप्प. माझ्याच मागे लागते."

केतकी थबकली. तिने पुस्तिका काढून आकडा शोधला. "आबा, हा इंजिनाचा नाहीच. स्टिअरिंग तळहातावरून नाडी बघतं ना, त्याचा आहे. बिघाड चालवणाऱ्यात आहे."

त्याच दुपारी डॉक्टरांनी आबांच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या मोकळ्या केल्या.

दसऱ्याला आबांनी गाडीला झेंडूचा हार घातला आणि बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग सवयीने स्कॅनर लावला. जुना कोड गेला होता. नवा आला होता, आणि या खेपेला त्यांनी पुस्तिका उघडून तो वाचला: 'पाण्याचा पंप कमजोर.' स्कॅनरवर त्याखाली लिहिलं होतं: 'चार महिन्यांपूर्वीची तक्रार. चालकाच्या तब्येतीमुळे मागे ठेवली होती.'

आबांनी पुस्तिका मिटली.

"केतकी, जेवणाचं नंतर बघू," त्यांनी हाक मारली. "आधी हिला दवाखान्यात नेऊ."