डावा पाय

"डावा पाय आरामात बाजूला ठेवा, मॅडम. या गाडीला क्लच नाही," शोरूममधली मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली.

अपघातात नीलाक्षीचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. कृत्रिम पायावर ती चालायला शिकली, पुन्हा शाळेत शिकवायलाही लागली. पण गाडी चालवणं सुटलं. तेव्हापासून नवरा, सुहास, तिला सगळीकडे न्यायचा.

साताऱ्याबाहेर पडून तिने ही नवी हॅचबॅक यवतेश्वरच्या घाटाला लावली. पहिल्याच चढावर पुढची एसटी थांबली. तिने ब्रेक दाबला आणि शेजारी बसलेल्या सुहासचा हात आपोआप हँडब्रेकवर गेला. एसटी हलली. ब्रेक सोडला तरी गाडी मागे घसरली नाही, अलगद पुढे निघाली. त्याने हात मांडीवर घेतला.

"टेस्ट ड्राइव्ह इथूनच परत फिरते, मॅडम," मुलगी म्हणाली. मग आरशात तिला नीलाक्षीचा चेहरा दिसला. "चला, वरपर्यंत जाऊ."

नीलाक्षी वळणं घेत राहिली. सुहासने काच खाली केली.

"भीती वाटतेय का?" तिने विचारलं.

"नाही गं. इतक्या वेळा या घाटातून आलो, पण दरी आज पहिल्यांदाच धड बघतोय."