पहिला गियर

सडक अर्जुनीच्या उदारामने जुन्या टेम्पोत पलंग, शेगडी बसवली आणि तो बायकोला स्पितीच्या वाळवंटी दऱ्या दाखवायला निघाला. धुरपताबाई रोज सांगायची, "हळू चला जी, इतकी घाई कायले?" पण त्याने दोन दिवसांची चढण एका दिवसात संपवली. घाटमाथ्याजवळच्या विरळ हवेत त्याला उलट्या झाल्या, ओठ निळे पडले. ताबडतोब खाली उतरण्याशिवाय इलाज नव्हता. तिने आजवर फक्त धानाच्या बांधीत ट्रॅक्टर चालवला होता. तरी त्याला पलंगावर झोपवून तिने स्टिअरिंग धरलं. रस्त्याला कठडा नव्हता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. तिने पहिला गियर सोडला नाही. तीन तासांनी टेम्पो दवाखान्यासमोर थांबला. "गाडी किसने चलाई?" डॉक्टरांनी विचारलं. "मैंने," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी बरा झालेला उदाराम डाव्या सीटवर बसला. "चल, आता तूच चालव."