तिसरी घिरटी

विमान घरावरून पहिल्यांदा गेलं तेव्हा मात्रोना चहा ओतत होती आणि तिचा नकार पक्का होता.

"आला बघा तुमचा वैमानिक," टेबलापाशी बसलेला ऑगी म्हणाला. "वहिनी, आता तरी हो म्हणा. पोराच्या हातात परवाना आहे. किती दिवस लोकांची विमानं मागत फिरणार तो?"

"मी तुम्हाला चहा पाजतेय भाऊजी. हो म्हटलेलं नाही. तेवढा मासा संपवा आणि आपल्या घरी जा."

"मग मी मासा सावकाश खातो," असं म्हणून ऑगीने सुकवलेल्या सामनचा आणखी एक तुकडा ओढून घेतला.

ऑगी नदीच्या खालच्या अंगाच्या गावचा. नजर अधू झाली म्हणून आपलं छोटं विमान विकायला निघालेला. सकाळी तो होडीने पुढे आला होता आणि मात्रोनाचा मुलगा वासिली ते विमान चालवून बघत मागून येत होता. अलास्काच्या या भागात एका गावातून दुसऱ्या गावाला रस्ते नाहीत. दवाखाना, बाजार, लग्न, मयत, सगळं विमानाने. ज्याच्याकडे विमान नाही तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. मात्रोनाला हे कळत नव्हतं असं नाही. पण पैसे तिचे होते, आणि तिचा नवरा विमानानेच नेला होता.

बारा वर्षांपूर्वी एव्हनने तिला न विचारता विमान घेतलं. घरात कडाक्याचं भांडण झालं. "आण तुझं ते खेळणं. मी बघायलासुद्धा यायची नाही," असं ती म्हणाली आणि बोलल्यासारखं वागली. तो विमान घेऊन परत येत असताना धुकं उतरलं. इथली रीत साधी आहे. येणाऱ्याने आपल्या घरावर घिरटी घालायची. घरच्या माणसाने गाडी घेऊन धावपट्टीच्या टोकाला जायचं आणि हवा वाईट असली तर दिवे लावून उभं राहायचं. त्या संध्याकाळी तिच्या छपरावर कुणीतरी तीनदा घिरटी घातली. ती चुलीपुढून उठली नाही. दुसऱ्या दिवशी एव्हनचं विमान टेकडीपलीकडच्या दलदलीत उलटं पडलेलं सापडलं.

ते नवं विमान तिने आधी कधी ऐकलंच नव्हतं. म्हणजे तो आवाज दुसऱ्या कुणाचाही असू शकत होता. वाट चुकलेल्या एखाद्याचा. एवढ्याच आधारावर तिने बारा वर्षं काढली. तिने कधी कुणाला विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि ते तिला नको होतं. आवाज मात्र तिला सोडत नव्हता. भांडी घासताना यायचा, प्रार्थनेला बसली की यायचा. वळताना खाली बसणारी घरघर आणि तिच्या शेवटी एक बारीक शीळ.

विमान दुसऱ्यांदा घरावर आलं. नदीकडे वळलं. घरघर खाली बसली. मग शीळ ऐकू आली.

चहा कपातून टेबलावर आणि टेबलावरून जमिनीवर सांडला तरी मात्रोना ओततच राहिली.

"भाऊजी, हे तुमचं नेहमीचंच विमान ना?"

"म्हणजे काय! वीस वर्षं मीच उडवतोय."

म्हणजे तो ऑगी होता. धुक्यात वाट चुकलेला ऑगी, आणि तो तर हा समोर बसून मासा खातोय. ती हसायला लागली. इतकं मोकळं ती कित्येक वर्षांत हसली नव्हती.

"घेतलं! भाऊजी, विमान घेतलं मी!" तिने ऑगीचे दोन्ही हात धरले. "त्या दिवशी माझ्या घरावर तुम्हीच होता ना? धुक्यात? एव्हन गेला त्या दिवशी?"

ऑगीने मासा खाली ठेवला. खोटं बोलणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

"मी घरीच होतो वहिनी. त्या धुक्यात कुणीच उडालं नव्हतं. एव्हन सोडून. आणि एक सांगायचं राहिलंय. धीरच होत नव्हता. एव्हनच्या विमानाचं उरलंसुरलं सगळं माझ्या नजरेसमोरून न्या, असं तुम्ही तेव्हा म्हणाला होता ना? मी जपून ठेवलं होतं. माझं इंजिन पार बसलं, म्हणून या उन्हाळ्यात ते चढवलं. धुराच्या नळीसकट. विमान माझं आहे, पण इंजिन एव्हनचं आहे."

मात्रोनाने त्याचे हात सोडले. छपरावर तिसऱ्यांदा आवाज आला आणि मांडणीवरच्या ताटल्या थरथरल्या.

"मी बदलून देतो इंजिन," ऑगी घाईघाईने म्हणाला. "नाहीतर सौदाच मोडू. तुम्ही बसा वहिनी, मी जातो गाडी घेऊन."

पण ती दारात पोचली होती.

पायात घरातल्याच सपाता होत्या. धावपट्टीच्या टोकाला गाडी उभी करून तिने सगळे दिवे लावले. विमान उतरलं, धावत आलं, थांबलं. वासिलीने खाली उडी मारली.

"अगं आई, तू? तू कशी काय आलीस? आणि दिवे कशाला, लख्ख उजेड आहे की!" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "नको म्हणतेस ना?"

मात्रोनाने इंजिनावरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा गरम होता. तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही.

"घे," ती म्हणाली. "पण इंजिन कधी बदलू नकोस. दुसरा आवाज आला तर मी पुन्हा घरात बसून राहीन."