जूनच्या आधीचं डोहाळजेवण

डोहाळजेवण खरं तर सातव्या महिन्यात करतात. पण जून उजाडला की शारजातल्या झाडून साऱ्या मराठी बायका मुलांना घेऊन गावी जातात, म्हणून सुनेत्राचं सहाव्यातच उरकायचं ठरलं. ठरवलं शेजारच्या प्रभावतीवहिनींनी. त्यांनी ठरवलं की ते होतंच.

हिरवी साडी नेसून, मोगऱ्याचे दागिने घालून सुनेत्रा पाटावर बसली होती. लक्ष सगळं फोनकडे. सासूबाईंनी गावाहून बजावलं होतं, पाचवा सरेपर्यंत मशीनखाली जाऊ नकोस, दृष्ट लागते. तिनं ऐकलं. पंधरा दिवसांपूर्वी सोनोग्राफी केली तेव्हा कळलं, बाळाची कवटी तयारच झालेली नाही. जन्मलं तरी तासभर जगेल. इंडियातली तेव्हाची वीस आठवड्यांची मुदत तोवर उलटली होती आणि इथे गर्भपात म्हणजे तुरुंग. तरी डॉक्टर जहांआरांनी खास परवानगीसाठी वर आरोग्य खात्याकडे अर्ज पाठवला होता. उत्तर आज यायचं होतं. नवऱ्याखेरीज, म्हणजे नागेशखेरीज, घरात कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"पेपर वाचलात का?" पदर खोचत वहिनी म्हणाल्या. "पोट पाडण्याविरुद्ध फेडरल कायदा आणखी कडक करणारेत म्हणे. डॉक्टरचं लायसन्स कॅन्सल, बाईला जेल, मग डिपोर्ट. बरंच झालं! देवानं दिलेलं नको म्हणजे काय गं?"

बायकांनी माना डोलावल्या. सुनेत्रानंही डोलावली.

फोन वाजला. नागेशनं आतल्या खोलीत घेतला. "जी मॅडम... जी, समझ गया," एवढंच बाहेर ऐकू आलं. सुनेत्रा उठून आत गेली.

"कुणी सही करायला तयार नाही," तो म्हणाला. "नव्या कायद्याचं कळेपर्यंत तर नाहीच. खलास."

"म्हणजे अजून चार महिने?"

"हो."

"पुरायला वाढवू मी त्याला?"

"हळू बोल, सुनेत्रा. बाहेर ऐकतील."

तिला हंबरडा फोडावासा वाटला. पण दाराशी वहिनी येऊन उभ्या होत्या.

"अगं, पाटावरून अशी उठतात का मधेच!" त्यांनी हाताला धरून तिला परत बसवलं. ओटी भरली, दोन गाणी झाली. मग वहिनींनी तिच्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या सरकवल्या.

"एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. उचल बघू."

"जे होईल ते चांगलंच होईल, इन्शाल्ला," रत्नागिरीची सायरा म्हणाली.

सुनेत्रा वाट्यांकडे बघत राहिली. हात पुढे होईना.

"वहिनी, तिसरी वाटी नाही का?"

"तिसरी कशाला गं? दोन्ही उचल, जुळी होऊ देत!"

साऱ्याजणी खळाळून हसल्या.