बोटावरचा आकडा

"दॅट्स नॉट टकलू," रुही म्हणाली.

नकुल स्टोव्हपाशी उभा राहून तिच्यासाठी पास्ता ढवळत होता. बाहेर रेडमंडचा नेहमीचा चिकट पाऊस, संध्याकाळचे सहा, निधी अजून ऑफिसातच. सहा वर्षांची रुही टेबलाशी त्याचा फोन घेऊन आजोबांनी पाठवलेले डोंगर बघत बसली होती.

टकलू म्हणजे आजोबांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट. कारखान्यात असताना मशीनमध्ये सापडलं आणि नख गेलं, ते परत आलंच नाही. उन्हाळ्यात ते इथे आले तेव्हा त्या बोटावर पेनानं डोळे-नाक काढून नातीला दोन महिने खेळवत होते.

तिनं फोन पुढे केला. फोटो कालचा होता, एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लोबुचे गावातला. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आणि त्यावर एकोणनव्वद.

ही नकुलचीच अट होती. सदुसष्टाव्या वर्षी बेस कॅम्पला जायचंय ना, जा. पण रोज बोटाला ऑक्सिमीटर लावून फोटो पाठवायचा, आणि आकडा पंचाहत्तरच्या खाली गेला की मुकाट्यानं परत फिरायचं. बाबांनी शब्द दिला होता. आकडे येत गेले. चौऱ्याण्णव, ब्याण्णव, नव्वद. हा पडला इंजिनिअर, यानं त्याचा ग्राफ केला आणि रोज फॅमिली ग्रुपवर टाकायला लागला. नागपूरहून मीनाक्षीआत्या टाळ्या पाठवायची. ऑफिसातल्या टीमलासुद्धा त्यानं तो ग्राफ दाखवून झाला होता.

आत्ता त्यानं स्टोव्ह बंद केला आणि पहिल्यांदाच आकडा सोडून बोट पाहिलं.

बोटाला नख होतं. नखाच्या कडेला कणीक वाळलेली होती. त्यानं फोटो मागे सरकवला. परवाच्या बोटात पोवळ्याची जाड अंगठी. त्याच्या आदल्या दिवशीच्या मनगटाला जपमाळ गुंडाळलेली. त्याआधीचं बोट थंडीनं उललेलं, तेल चोळून ठेवलेलं. टकलू फक्त पहिल्या दोन दिवसांच्या फोटोंत होता. त्यानंतर डोंगरातली माणसं रोज एकेक बोट दाखवत होती आणि हा गाढव आकडे उतरवून घेत होता.

लोबुचेच्या लॉजचा नंबर बाबांनी निघतानाच लिहून दिला होता. तिकडे सकाळचे पावणेसात झाले असणार. चौथ्या प्रयत्नात फोन लागला आणि एका बाईनं उचलला.

"नागपूरवाले बाबूजी? पाँच बजे निकल गए, सबके साथ. ऊपर गोरक्षेप."

"दीदी, कल फोटो में उँगली किसकी थी?"

बाई हसली. "मेरी. रोटी बना रही थी. बाबूजी बोले, बेटा दूर है, डर जाता है. उँगली ही तो माँगी, भैया. मेहमान को क्या मना करना."

"उनकी उँगली पर कितना था?"

बाईनं पलीकडे भांडी घासणाऱ्याला थांबायला सांगितलं.

"छह और एक," ती म्हणाली. "मैंने कहा, नीचे जाओ. लहसुन का सूप दिया. माने नहीं. बोले, मशीन ठंडी है, गलत बताती है."

एकसष्ट. नकुल खुर्ची ओढून बसला. गोरक्षेपपर्यंत तीन तासांची वाट, मध्ये नेटवर्क नाही. बाईनं वरच्या लॉजचा नंबर दिला, तिची बहीण चालवते म्हणाली. "आप उधर से क्या करोगे, भैया. मैं पूजा की बत्ती जलाती हूँ," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

निधी आली आणि सगळं ऐकताच तिनं ओला कोट न काढताच काठमांडूला ट्रेकवाल्यांना फोन लावला. हेलिकॉप्टर आहे, पण पेशंट नेमका कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मध्येच कुठेतरी, ती म्हणाली. मग पोचू द्या मॅडम, ते म्हणाले.

राग तरी कुणावर काढायचा. आकडा चांगला आला की नकुल "सुपर, बाबा" एवढंच लिहायचा. झोप लागली का, जेवण जातं का, दमायला होतं का, हे आठवडाभरात एकदाही विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. आकड्यात सगळं कळतं अशी त्याची समजूत, आणि बाबांनी ती ओळखली होती.

पावणेआठला फोनवर नवा फोटो आला. गोरक्षेप. बोट कुणा तरुण माणसाचं, नखाखाली माती. आकडा अठ्ठ्याऐंशी. खाली बाबांनी लिहिलं होतं, 'पोचलो. एकदम फिट. ग्राफला जोड.' लगोलग आत्याच्या टाळ्यासुद्धा आल्या.

त्यानं निधीच्या फोनवरून बाबांना फोन केला. लागेना. मग मघापासून न लागणारा वरच्या लॉजचा नंबर पुन्हा फिरवला. तो लागला, रिंग जायला लागली, आणि जातच राहिली. निधी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. कोणी उचलत नव्हतं.

टेबलावरचा त्याचा फोन रुहीनं पुन्हा हातात घेतला होता. दोन बोटांनी ती फोटो मोठा करून बघत होती. त्या परक्या माणसाचं बोट स्थिर राहावं म्हणून त्याचं मनगट कुणीतरी धरलं होतं. फोटोच्या अगदी कोपऱ्यात तो धरणारा हात आला होता, जरा हललेला.

"फाउंड हिम," ती खूश होऊन म्हणाली. "हिअर्स टकलू."

मग तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"बाबा, व्हाय इज ही ब्लू?"