हिरवळीच्या पोटात

यॉर्कशायरमध्ये मार्च उजाडला की घराघरांतली माणसं बागकामाचा चार दातांचा काटा घेऊन हिवाळ्यात घट्ट झालेल्या हिरवळीला भोकं पाडतात. क्लिफ दरवर्षी कुंपणापासून सरळ ओळ धरायचा. आज मात्र तो सफरचंदाच्या झाडाखालीच घुटमळत होता. विनी खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवून होती. सहा महिने नवऱ्याने दारूला हात लावला नव्हता. तेवढ्यात काटा मातीतल्या काचेवर खणकला. पेपरमिंटची आणखी एक गोळी तोंडात टाकून ती बाहेर धावली.

गवतावर चिखलाने माखलेल्या व्हिस्कीच्या तीन बाटल्या होत्या, झाकणंही न उघडलेल्या.

"हे काय चाललंय, क्लिफ?"

"ओरडू नकोस गं. पीत होतो तेव्हा तुझ्यापासून लपवून पुरल्या होत्या. आज सगळ्या मोरीत ओततो आणि सुटतो एकदाचा. पण चार होत्या. चौथी कुठे गेली कोण जाणे!" त्याने पुन्हा काटा रोवला.

विनीने त्याचं मनगट धरलं.

"नको शोधूस. जानेवारीतच सापडली मला."

"मग? ओतलीस ना?"

तिने तोंडातली गोळी कडकन चावली.

"प्यायले. आणि या तीन माझ्यासमोर नको ओतूस."