कानपिळी

गुरुजींनी कानपिळीसाठी नवरीच्या भावाला हाक मारली, तेव्हा देवव्रत बाह्या दुमडून होमाशेजारी उभाच होता. चार महिने तो याच घटकेची वाट पाहत होता. भावानं नवऱ्यामुलाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दटावायचं आणि आहेराचं पाकीट घेऊन बाजूला व्हायचं, एवढाच खरं तर विधी. पण मुलुंडच्या त्या हॉलमधल्या अडीचशे पाहुण्यांपैकी निम्म्यांना तरी त्यानं बजावून ठेवलं होतं की आज जावई बोंब मारणार. नाही मारली, तर देवव्रत मिशी उतरवणार.

जावई, म्हणजे शौनक, पाटावर बसला होता, पोळ्याच्या बैलासारखा सजून. हे शब्द देवव्रतचे. गळ्यात दुपदरी साखळी, मनगटात कडं, तीन बोटांत तीन अंगठ्या, कुर्त्यावर मोराचा ब्रोच, डोक्याला तयार फेटा आणि उजव्या कानाच्या पाळीवर चमचमणारा खडा. धंदाच तो त्याचा. पुरुषांच्या नटण्यामुरडण्याच्या सगळ्या वस्तूंचं घाटकोपरला त्याचं दुकान होतं. मागच्या खोलीत ऑर्डरीप्रमाणे बरंच काही बनायचं. काय बनायचं ते बघायला देवव्रत कधी गेला नाही. असल्या दुकानाची पायरी चढणं त्याला कमीपणाचं वाटे. पहिल्या भेटीतच त्यानं मुलाला नखशिखान्त न्याहाळलं आणि त्याच्यादेखत ऋताला, आपल्या धाकट्या बहिणीला, विचारलं होतं, "सासरी नक्की कोण जाणार आहे? तू की हा?" ऋता आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. शौनक नुसता हसला होता. ते हसणंही देवव्रतला नटवंच वाटलं.

बायकांनी नटावं, पुरुषानं देवानं दिलंय त्यात भागवावं, हे देवव्रतचं तत्त्व. अंगावर घड्याळसुद्धा नसे त्याच्या. मुलीकडच्या यच्चयावत पुरुषांनी आज फेटे बांधले होते, त्यानं साफ नकार दिला. थोरामोठ्यांनाही तो वाकून नमस्कार करत नसे, उभ्यानंच हात जोडी. ताठ कणा, म्हणे. पंख्याखाली बसणं हा नाजूकपणा, म्हणून भर मे महिन्यात चार हात लांब बसे. आजही त्यानं होमाजवळचा पंखा बंद करायला लावला होता. कुंदाआत्या म्हणायच्या, सत्तेचाळिशीत कपाळावर अशी काळीभोर झुलपं, या पोराला दागिना हवाय कशाला? एक मात्र होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो सगळी कामं टाकून बोरिवलीला एका आजारी मित्राला भेटायला जाई. सहा वर्षं झाली, तो मित्र बराही होत नव्हता आणि मरतही नव्हता.

"काय शौनकराव," देवव्रत शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "कान पिळू, की आधी खडा लॉकरमध्ये ठेवून येता?"

हॉल हसला. ऋतानं मान खाली घातली. देवव्रत कमरेतून वाकला आणि सोसायटीचा गंजलेला नळ बंद करावा तसा त्यानं तो कान पिळला. होमाच्या धगीनं त्याच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहायला लागले होते. शौनक लालबुंद झाला, पण हूं की चूं नाही. देवव्रतनं आणखी एक पीळ दिला. तेवढ्यात खडा निसटून त्याच्या तळहातात आला आणि मागोमाग लोहचुंबकाची एक बारकी चकती.

पाळीला भोक नव्हतंच.

एवढा आनंद देवव्रतला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. दुनियेला दागिने विकणारा हा गडी स्वतः सुईला घाबरतो! आता बोंब नको की काही नको. हा खडा चिमटीत धरून अडीचशे माणसांना दाखवला की जन्मभराची सोय झाली. त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"दादा, वाकलेलेच राहा," शौनक ओठ न हलवता म्हणाला.

"का? अब्रू जाते?"

"माझी नाही, तुमची. पुढची पट्टी सुटलीय घामानं."

देवव्रतचा दगड झाला. शौनकनं मुंडावळ्या सारून आपला फेटा उतरवला, त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दोन्ही कानशिलांवर अंगठे दाबले. नेमके जिथे दाबायला हवे तिथे, रोजच्या सवयीच्या हातानं. हॉलला वाटलं, जावयानं मेहुण्याला आपला मान दिला. टाळ्या पडल्या. कुंदाआत्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"कधीपासून माहीत आहे?" देवव्रतनं दातांतल्या दातांत विचारलं.

"सहा वर्षं. बोरिवलीच्या त्या दुकानाला केसांचे टोप मीच बनवून देतो. मापाबरोबर फोटो येतो."

"ऋताला?"

"गिऱ्हाइकाचं नाव मी घरी नेत नाही." शौनकनं त्याच्या मुठीतून खडा काढून घेतला, पाळीला चिकटवला आणि तोच कान पुन्हा त्याच्या बोटांत दिला. "नवी पट्टी आहेराच्या पाकिटात आहे. मिशी तरी तुमची स्वतःची ना?"

देवव्रतनं मान हलवली, फेटा सांभाळून.

"मग ती राहू दे," शौनक म्हणाला, आणि भटारखान्यातले आचारी झारे घेऊन धावत येतील अशी त्यानं बोंब मारली.